फ्लोअर दबतो, तर तो उघडायचाच

होडीदुरुस्तीच्या पत्रांपैकी या वेळी देवबागचं पत्र आधी घेतो. त्याचं उत्तर लांबलंय, पण गेल्या दोन वर्षांत याच दुखण्याच्या किती होड्या माझ्याकडे आल्या ते आठवलं, म्हणून हात आखडता घेतला नाही.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. इंजिनाच्या पुढचा फ्लोअर पाय दिला की दबतो. दोन वर्षांपूर्वी एका कारागिराने वरून मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांच्या कापडाचे) दोन थर मारून दिले. एक सीझन बरा गेला. आता तोच तुकडा कडेने सुटलाय आणि खालून काळपट पाणी येतं. इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं रेझीन) मारली तर कायमचं काम होईल असं काही जण म्हणतात, पण ती महाग. आहे त्यावरूनच इपॉक्सीचे दोन थर मारले तर चालेल का? होडी मेअखेर वर काढू, म्हणजे पावसात दोन महिने हात मोकळे आहेत.
— देवबाग, ता. मालवण

उत्तर : भाऊ, वरून मारून चालणार नाही. इपॉक्सी मारा नाहीतर आणखी कितीही महागाचं काही मारा.

तुम्ही काळपट पाणी लिहिलंत तिथेच मला कळलं. ते समुद्राचं पाणी नाही, कुजलेल्या प्लायचा काढा आहे. तुमच्या होडीचा फ्लोअर बहुतेक असा असणार : वर फायबरची तीन मिलिमीटरची साल, खाली तशीच एखादी पातळ साल, आणि मध्ये १२ मिलिमीटरचा प्लाय. ताकद या तिघांच्या चिकटून असण्यात आहे. मधल्या प्लायने दोन्ही साली एकमेकींपासून लांब आणि घट्ट धरून ठेवलेल्या असतात, म्हणून चार माणसं उभी राहिली तरी फ्लोअर हलत नाही. प्लायचा भुगा झाला की दोन्ही साली सुट्या पडतात. मग वरच्या सालीवर तुम्ही आणखी दोन थर चढवलेत तरी तुम्ही फक्त झाकण जाड केलंत. खाली टेकू नाहीच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९९६च्या मे महिन्यात एका रापणकाराची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराची) होडी माझ्याकडे आली. त्याला घाई होती, मला पैशांची गरज होती. फ्लोअर थोडा ओलसर लागत होता. दोन दिवस उन्हात ठेवला, वरून कोरडा दिसला, आणि मी वरून थर मारून दिले. पुढच्या वर्षी गणपतीनंतर तो फ्लोअर पायाखाली फुटला आणि त्याच्या मुलाची पोटरी फायबरच्या धारेने कापली. टाके पडले. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तेव्हापासून ओल्या फ्लोअरवर मी काम करत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आता पाणी आत गेलं कसं? हे शोधल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी. आपल्याला वाटतं होडी खाऱ्या पाण्याने खराब होते. लाकूड कुजवतं ते मुख्यतः गोडं पाणी. कुजवणारी बुरशी खारात सहज वाढत नाही, पावसाच्या पाण्यात मात्र फोफावते. होडी वर काढली, माडाखाली ठेवली, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा खाली झुकलेली, मागचं बूच काढायचं राहिलं, झापांवरून पागोळी गळतेय, आणि आतमध्ये चार महिने चार बोटं पाणी. तेच पाणी खुर्च्यांच्या आणि आइसबॉक्सच्या स्क्रूच्या भोकांतून प्लायमध्ये उतरतं. माझे वडील लाकडाच्या होड्या बांधायचे. पावसाआधी होडी वर घेतली की ती नेहमी मागच्या बाजूला उतार देऊन ठेवायचे आणि बूच काढून घरी दाराच्या खुंटीला अडकवायचे. फायबर आल्यावर लोकांना वाटलं याला काही होत नाही, आणि ती सवय गेली.

तर आधी तपासा. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन फ्लोअरवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक, मोकळा आवाज येतो. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा. रेघ तुम्हाला वाटत होती त्याहून मोठी निघेल, तयारी ठेवा. रेघेच्या बाहेर चार बोटं अंतरावर ड्रिलने एक बारीक भोक पाडून बघा. भुसा फिकट आणि कोरडा आला तर तिथे थांबा. काळा, ओला, ड्रिलला चिकटणारा आला तर रेघ आणखी पुढे न्या.

कापायच्या आधी पेट्रोलची टाकी, पाइप, बॅटरी, सगळं होडीबाहेर, आणि होडीच्या पोटात वारा खेळू द्या. पेट्रोलची वाफ जड असते, ती फ्लोअरखाली जाऊन बसते. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. यात हयगय नको.

कापताना ग्राइंडरचं पातं फक्त वरच्या सालीपुरतं उतरवा. होडीच्या कुशीपासून, म्हणजे बाजूच्या भिंतीपासून, दोन इंच साल शाबूत ठेवा, म्हणजे नवीन थराला धरायला कड मिळते. साल अखंड निघाली तर जपून ठेवा, मागची बाजू घासून तीच परत बसवता येते. मग पटाशीने कुजलेला प्लाय खरवडा. तुमच्या हातात तो ओल्या शेणीसारखा तुटेल. खालच्या सालीला भोक पडणार नाही एवढी काळजी घ्या.

खाली पिवळा फोम भरलेला असेल तर तोही बघा. बोटाने दाबून पाणी आलं तर तो फोम आता होडीला तारत नाही, बुडवतोय. हिशेब सांगतो. पाच फूट रुंद, आठ फूट लांब आणि अर्धा फूट खोल जागेत सुमारे साडेपाचशे लिटर मावतात. त्यातल्या चौथ्या हिश्श्यात पाणी भरलं तरी सव्वाशे किलोच्या वर वजन तुम्ही रोज फुकट वाहता आणि त्याचं पेट्रोल भरता. भिजलेला फोम वाळत नाही. काढूनच टाकायचा.

आता सुकवणं. सगळं उघडल्यावर आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. विचित्र वाटेल, पण मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि जागा कधीच कोरडी होत नाही. मग ऊन आणि वारा. किती दिवस, हे मी सांगण्यापेक्षा होडीलाच विचारा : हातरुमालाएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना टेप लावून घासलेल्या जागेवर चिकटवा आणि दुपारभर उन्हात ठेवा. संध्याकाळी प्लॅस्टिकच्या आतून धुकं धरलं किंवा थेंब दिसले, तर अजून ओल आहे. मे महिन्याच्या उन्हात पाच-सहा दिवसांत ते धुकं धरायचं थांबतं. जून-जुलैत ते थांबतच नाही. म्हणून तुमचे पावसातले मोकळे दोन महिने या कामाला उपयोगाचे नाहीत. मला माहीत आहे, मे म्हणजे तुमच्या धंद्याचा कणा. तरीही मेचे शेवटचे बारा दिवस या होडीला द्या आणि मिरगाच्या आत काम संपवा. ते जमत नसेल, तर कुजका भाग मेअखेर काढून टाका, होडी उतारावर ठेवा, वर उंच ताडपत्री बांधा म्हणजे वारा खेळेल, आणि इपॉक्सीचं काम ऑक्टोबरच्या उन्हात करा.

प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा घरातल्या फर्निचरला ठीक आहे, होडीला नाही. १२ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट साधारण पंचवीस किलो भरते. तुमची मूळ जाडी मोजून तेवढीच घ्या. जाड घातला तर कडेला पायरी राहते.

इपॉक्सी म्हणजे घरातल्या अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबांची मोठी बहीण. रेझीन आणि हार्डनर. इथे फायबरच्या जुन्या कारागिरांची एक सवय आड येते. आपल्या नेहमीच्या पॉलिएस्टर रेझीनमध्ये कॅटॅलिस्ट (ते घट्ट करणारं रसायन) थोडा जास्त घातला की काम लवकर वाळतं. इपॉक्सीत तसं नाही. तिथे रेझीनचा प्रत्येक कण हार्डनरच्या कणाशी जोडी लावतो. हार्डनर जास्त घातला तर उरलेला हार्डनर तसाच मऊ राहतो, कमी घातला तर रेझीन राहतं. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आणि ते वजनाने आहे की मापाने ते दोनदा वाचा, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असतात. मी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरतो. दोन मिनिटं ढवळा, कालवायच्या मगाच्या कडा आणि बूड खरवडत.

एका वेळी तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते, आणि मगात ती उष्णता कोंडते. जे मिश्रण २५ अंशांना अर्धा तास टिकतं ते आपल्या मेमधल्या ३४-३५ अंशांना पंधरा मिनिटांत जातं. मिश्रणाचा मग गरम होतो, धूर येतो, प्लॅस्टिक वितळतं. कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओता, तिथे जास्त वेळ मिळतो.

आता प्लायला इपॉक्सी पाजायची. हा भाग कोणी घाईत उरकू नये. प्लाय मापात कापून, सुका बसवून बघून झाला की खालची, वरची बाजू आणि चारही कडा इपॉक्सीने भिजवा. कडेला ब्रश फिरवा आणि तिथेच बसून बघा. आधी कड काचेसारखी चमकते. चारेक मिनिटांत चमक मावळते आणि लाकडाच्या नळ्या परत कोरड्या दिसू लागतात. ती प्यायली. परत द्या. परत चमक जाईल. तिसऱ्यांदा दिल्यावर चमक टिकते, तेव्हा कड तृप्त झाली असं समजा. पाणी नेहमी कडेतून शिरतं. तुमच्या जुन्या फ्लोअरची कड कोणी कधीच बंद केलेली नव्हती, हे मी न बघता सांगतो.

हे पाजणं दुपारी चारनंतर करा. सकाळी केलंत तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि इपॉक्सीतून बुडबुडे काढत वर येते. संध्याकाळी लाकूड थंड होत जातं आणि आतली हवा आकसताना इपॉक्सी आत ओढली जाते. मात्र वर दव पडू देऊ नका, ताडपत्री घाला.

बसवायला लांबी, म्हणजे चिकट लगदा, करायची : इपॉक्सीत एरोसिल ही दाट करणारी पावडर घालून. किती दाट? चमचा उलटा केला तर श्रीखंड जसं पडू का नको करतं, तेवढी. खालची साल साठ नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, त्यावर आधी साधी इपॉक्सी लावा आणि ती ओली असतानाच लांबी दातेरी पट्टीने पसरा. प्लायला वीतभर अंतराने बारीक भोकं पाडून ठेवलेली असू द्या, म्हणजे खाली अडकलेली हवा निघून जाते. प्लाय ठेवला, दाबला, आणि त्या भोकांतून लांबीचे बारीक गोळे वर आले की समजायचं खाली सगळीकडे पोचली. वर प्लॅस्टिक, त्यावर वाळूच्या पिशव्या. होडीच्या कुशीला प्लाय घट्ट भिडवू नका, पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा आणि ती लांबीने गोलसर भरा. लाट आदळली की होडीची कूस थोडी लवते, प्लायची धार तिथे रुतली तर बाहेरून चीर दिसायला लागते.

दुसऱ्या दिवशी वरचं फायबर. जुन्या सालीची कड एकदम सरळ तोडू नका, ती उतरती घासा. जाडीच्या बारापट लांब उतार द्यायचा : तीन मिलिमीटर सालीला साधारण ३६ मिलिमीटर. उताराने नवीन-जुन्याला धरायला जागा मिळते. कापड चौरस मीटरला सहाशे ग्रॅमचं विणलेलं किंवा शिवलेलं घ्या, दोन थर. मॅट घेऊ नका, त्याचं कारण खालच्या पत्राच्या उत्तरात आहे. कापडाचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा रोलरला चिकटून उचलतो. कापडाच्या वजनाएवढी इपॉक्सी लागते. दोन चौरस मीटरच्या तुकड्याला दोन थर म्हणजे २.४ किलो कापड आणि तेवढीच इपॉक्सी. प्लायला पाजायला आणि लांबीला धरून पाच किलोचा सेट आणा. कापड भिजलं की पांढरेपणा जातो आणि खालचं लाकूड स्वच्छ दिसतं. कुठे दुधाळ ठिपका राहिला तर तिथे हवा आहे, रोलर फिरवा.

शेवटी दोन गोष्टी राहतात. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर पॉलियुरेथेन रंग हवाच. आणि खुर्च्यांचे स्क्रू परत मारताना थेट प्लायमध्ये मारू नका. लागणाऱ्या भोकापेक्षा मोठं भोक पाडा, लांबीने भरा, वाळल्यावर त्या लांबीत स्क्रूचं भोक पाडा. म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. तुम्ही सगळं केलंत आणि एवढं राहिलं तर पाच वर्षांनी परत पत्र लिहाल.

प्रश्न : माझ्याकडे पॉलिएस्टर रेझीन आणि ४५०ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) मॅट बरीच शिल्लक आहे. मॅट हीच ठेवून फक्त रेझीनऐवजी इपॉक्सी वापरली तर?
— करंजा, ता. उरण

उत्तर : नका. मॅटमधले तुटक धागे एका चिकट पावडरीने किंवा खळीने धरलेले असतात. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन ती खळ विरघळवतं आणि मॅट नरम होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरीन नाही. मॅट पापडासारखी ताठ राहते, कोपऱ्यात वळत नाही, आणि रेझीन वाजवीपेक्षा जास्त पिते.

तुमचं साहित्य वाया घालवा असं मात्र मी म्हणणार नाही. तुमची सगळी होडी पॉलिएस्टरचीच आहे. जिथे फायबरवर फायबर चढवायचंय आणि लाकडाचा संबंध नाही, तिथे घासून, पुसून तेच वापरा. लाकडाला चिकटवायचं असेल तिथे इपॉक्सी, कारण पॉलिएस्टर प्लायवरून काही वर्षांनी पापुद्र्यासारखं सुटतं. क्रम लक्षात ठेवा : जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (होडीचा वरचा रंगीत चकचकीत थर) भरवशाने धरत नाही. एकदा इपॉक्सी मारली की वरचं सगळं त्याच हिशेबाने.

आणि पॉलिएस्टर वापरणार आहात म्हणून सांगतो. कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट या दोन बाटल्या कधीही एकमेकांत ओतायच्या नाहीत, एका मापात आलटून पालटून मोजायच्याही नाहीत. थेट भेटले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळा, नंतरच कॅटॅलिस्ट, शेकडा एक ते दोन. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा, जवळ पाण्याची बादली ठेवा. कामाला पोरं घेतलीत तर बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत नावं लिहा.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये इपॉक्सी केली. वाळली, पण हाताला तेलकट लागायची. तसाच रंग मारला, तो आता सालपटासारखा निघतोय. इपॉक्सी खराब होती का?
— हर्णै, ता. दापोली

उत्तर : नखाने दाबून बघा. खाली टणक असेल तर इपॉक्सी चांगली आहे. दमट हवेत हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरतो आणि वर मेणासारखा थर येतो. थिनरने पुसला तर तो फक्त पसरतो. साधं कोमट पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घ्या, दोनदा धुवा, कोरडं पुसा आणि मगच पॉलिश पेपर लावा. आधी घासलंत तर मेण खाचांत जाऊन बसतं. तुम्हाला आता रंग पूर्ण काढून हे करावं लागेल. नख रुतत असेल तर मात्र प्रमाण चुकलंय, आणि ते खरवडून काढण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

प्रश्न : माझे यजमान होड्यांची फायबरची कामं करतात. इपॉक्सीचं काम सुरू केल्यापासून त्यांच्या मनगटांवर आणि पापण्यांवर लाल पुरळ येतं. काम थांबलं की जातं, सुरू झालं की दुप्पट येतं. ते म्हणतात सवय होईल.
— देवगड

उत्तर : ताई, सवय होणार नाही. ही इपॉक्सीची अ‍ॅलर्जी दिसते, आणि ती एकदा बसली की शरीर विसरत नाही, दर वेळी कमी मात्रेत जास्त उठते. माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला यासाठी हे काम सोडावं लागलं, आज तो इपॉक्सीचा बंद डबा असलेल्या खोलीतही जात नाही. त्यांना इपॉक्सीपासून आत्ताच लांब करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना डब्यावरच्या लेबलचा फोटो बरोबर न्या. पॉलिएस्टरची, लाकडाची कामं त्यांना पुढे करता येतील का, हे डॉक्टरांनाच विचारा.

तोपर्यंत घरात एवढं करा : त्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा आणि धुताना तुम्ही स्वतः नायट्राइलचे हातमोजे घाला. हात थिनरने धुऊ देऊ नका, थिनर इपॉक्सी कातडीत आणखी आत नेतो. साबण आणि पाणी. आणि मुलांना त्यांच्या कामाच्या शर्टाला बिलगू देऊ नका.